जाळं धरणारे दातारकाका

दातारकाकांचा फोन आला की मी आधी खिडकीबाहेर बघायचे. बाहेर स्वच्छ ऊन असेल तर काम साधंच असणार. मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला खुर्च्या मांडायला माणसं हवीत, नाहीतर कुणा नव्या जोडप्याला अनमेल्डुंगच्या, म्हणजे पत्ता नोंदवायच्या, ऑफिसात घेऊन जायचंय. पण पाऊस धड पडत नसेल, बर्फ धड होत नसेल आणि वारा कानशिलात मारत असेल, तर काका म्हणायचे, "अगं, काय झकास दिवस उजाडलाय! येतेस ना?"

त्या एका हिवाळ्यात असे झकास दिवस मी इतके पाहिले की आजही आभाळ काळवंडलं की माझी बोटं आपोआप आखडतात. मी मूळची रत्नागिरीची. थंडी म्हणजे सकाळी अंगावर चादर ओढणं, एवढीच माझी समजूत. जर्मनीत वोल्फ्सबुर्गच्या गाड्यांच्या कारखान्यात दारांच्या कुलपांवर काम करायला आले ते दोन हजार दहाच्या आसपास. इथं ओळख झाली ती पहिली दातारकाकांशी, आणि ती त्यांनी माझ्या टेबलाखाली शिरून करून घेतली.

मंडळाचा गणपती होता. शाळेचा हॉल भाड्यानं घेतलेला. मी मूर्तीसाठी टेबल लावलं, वर मखर ठेवलं, आणि मागून आवाज आला, "उजवा पाय खाली आहे." बघते तर तपकिरी स्वेटरातले एक सडपातळ गृहस्थ मखरावर बोटाएवढी पाणसळ ठेवून तिच्यातला बुडबुडा न्याहाळत होते. मग टेबलाखाली गेले, पायाखाली कागदाची घडी सरकवली, पुन्हा बुडबुडा बघितला आणि म्हणाले, "आल्झो, चला, आता बसवा." ही पाणसळ त्यांच्या खिशात कायम असे. सांगलीहून तरुणपणी टूलमेकर म्हणून आलेला माणूस, चाळीस वर्षं यंत्रांना सरळ उभं करण्यात गेलेली. दुसऱ्याच्या घरी गेले तरी भिंतीवरची चित्रं तपासल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. मला सुरुवातीला त्यांचा राग यायचा. आपण हौसेनं काही मांडावं आणि यांनी बुडबुडा काढावा!

त्यांच्या मागोमाग रेनाटेकाकू आल्या. काकांच्या दुप्पट रुंदीच्या, लालबुंद हातांच्या, सुती साडीखाली डोंगर चढायचे बूट घातलेल्या. त्यांना मराठीचे चारच शब्द येत, 'चला', 'बास', 'बसा' आणि 'गोड', आणि त्या चार शब्दांवर त्यांनी आमच्या मंडळात तीस वर्षं काढली होती. आरती चालू असताना त्यांनी मला खांद्याला धरून खुर्चीत दाबलं आणि म्हणाल्या, "बसा!" मी आरती बसूनच म्हटली.

काकू एल्ब नदीकाठच्या खेड्यातल्या. त्यांचे वडील नदीवर मासेमारी करायचे. काकूंचं नोकरीतलं आयुष्य पोस्टात गेलं, पण शनिवार-रविवार नदीवर. आणि काका? काका कट्टर शाकाहारी. अंडंसुद्धा नाही. त्यांच्या स्वयंपाकघरात दोन तवे होते. काळ्या मुठीचा काकांचा, लाल मुठीचा काकूंचा. दोन्ही दोन खिळ्यांवर, आणि त्या खिळ्यांमध्ये हातभर अंतर. चाळीस वर्षांच्या संसारात काकांनी लाल मुठीला हात लावला नव्हता आणि काकूंनी काळ्या तव्यावर कधी चुकून काही तळलं नव्हतं. यावरून भांडण झालं नाही का, असं मी एकदा विचारलं. काका म्हणाले, "भांडायला कशाला हवं? खिळे दोन आहेत ना."

तरीही दर शनिवारी काका काकूंबरोबर नदीवर जात. काकू गळ टाकत आणि काका जाळं धरत. लांब दांड्याचं, टोपलीसारखं जाळं. गळाला लागलेला मोठा मासा काठाशी आला की तो दोरीनं वर उचलता येत नाही, खालून जाळ्यात घ्यावा लागतो. ते काम काकांचं. तीस वर्षं त्यांनी ते केलं. मासा जाळ्यात आला, दगडांवर ठेवला, की काकू एक शब्द बोलायच्या, "वेगशाउएन." म्हणजे तिकडे बघ. काका पाठ फिरवून पलीकडच्या काठाकडे तोंड करत, हात जोडत, डोळे मिटून काहीतरी पुटपुटत. मागे ठक् असा एक आवाज व्हायचा. काकांचं पुटपुटणं संपायचं, डोळे उघडायचे, वळायचे, तोवर मासा मेलेला असायचा.

"काय पुटपुटता हो?" मी विचारलं होतं.

"माफी मागतो."

"माशाची?"

"नाहीतर कुणाची? तू मागतेस का कधी? तुम्ही कोकणातली माणसं नुसती खाता."

जाळं धरण्यात एकच नियम असतो. जाळं आधी पाण्यात बुडवून स्थिर ठेवायचं, आणि गळवाल्यानं मासा त्याच्यावर आणायचा. जाळ्यानं माशामागे धावायचं नाही. धावलं की मासा बिथरतो, जाळ्याच्या कडेवर आपटतो आणि दोरी तुटते. हा नियम काका वाक्यावाक्याला ऐकवत. बसच्या रांगेत कुणी घुसलं तरी म्हणत, "जाळ्यानं धावायचं नसतं." आम्हाला वाटायचं, ही त्यांची लकब. त्यामागचं दुखणं मला काकूंनीच सांगितलं. 'दुखणं' हा माझा शब्द. काकू सांगताना टेबल बडवून हसत होत्या.

क्वाप्पे नावाचा एक मासा असतो. गोड्या पाण्यातला, पण जातकुळी समुद्रातल्या कॉडची. अंगावर चिखलात भिजलेल्या झाडपाल्यासारखे डाग, रुंद चपटं डोकं, हनुवटीला एकच मिशी. आणि बुळबुळीत! हातात धरला तर मनगटाला विळखा घालतो. सगळे मासे थंडीत गपगार पडून राहतात, तेव्हा हा फिरायला निघतो. पाणी जितकं गार, दिवस जितका भिकार, तितका तो खूश. काकू लहान असताना त्यांचे वडील जानेवारीत क्वाप्पे आणायचे आणि त्याची कलेजी नुसत्या लोण्यात आणि मिठात परतायचे. मोठ्या क्वाप्पेची कलेजी तळहातापेक्षा मोठी असते. पुढे नदी इतकी घाण झाली की क्वाप्पे दिसेनासा झाला. कित्येक वर्षांनी पाणी सुधारलं, तो परतला, आणि एका जानेवारीत काकूंच्या गळाला असा क्वाप्पे लागला की काठी वाकून पाण्याला टेकली. काकूंनी त्याला काठाशी आणला. त्याचं डोकं बघून काका घाबरले की हर्षानं वेडे झाले ते त्यांनाही सांगता येत नाही, पण त्यांनी जाळं घेऊन माशामागे धाव घेतली. कडेवर आपटून दोरी तुटली.

"चार दिवस मी याच्याशी बोलले नाही," काकू म्हणाल्या. "पाव मागायलासुद्धा नाही. तो कापायचा, मी उचलायचे."

काका खाली मान घालून टेबलावर पाणसळ ठेवत होते.

मग एका वसंत ऋतूत काकूंना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. उन्हाळा हॉस्पिटलात आणि व्यायामात गेला. त्यानंतर फ्लेगेहाइम, म्हणजे अशा माणसांना सांभाळणारं घर. काका रोज सकाळी नऊला जायचे, संध्याकाळी सातला परत. पहिल्याच दिवशी त्यांनी काकूंच्या पलंगाच्या कठड्यावर पाणसळ ठेवून नर्सला सांगितलं की डोक्याकडची बाजू दोन मिलिमीटर खाली आहे. नर्स त्यांना चांगलीच ओळखू लागली.

काकू हळूहळू खाणं सोडत चालल्या. तोंडाशी चमचा नेला की मान फिरवायच्या. डॉक्टरीणबाईंनी काकांना बाहेर बोलावलं तेव्हा मी बरोबर होते. त्या शांतपणे म्हणाल्या, "गिळता येतंय त्यांना. गिळायचं नाहीये." मग त्यांनी एक कागद पुढे ठेवला. पाटिएंटेनफरफ्यूगुंग. जिचं नाव उच्चारतानाच माणूस दमतो अशी ही चीज म्हणजे आपण धड असताना लिहून ठेवलेली इच्छा की माझं असं झालं तर काय करा आणि काय करू नका. काकूंनी काही वर्षांपूर्वी लिहिलं होतं की पोटात नळी घालून मला जगवू नका. खाली त्यांची सही, शेजारी साक्षीदार म्हणून काकांची. सुरेख, सरळ रेषेतली.

"मी का केली गं सही?" पार्किंगमध्ये काका मला विचारत होते. "तिनं कागद पुढे केला, मी केली. आम्ही केक खात होतो तेव्हा."

मी गाडीचं दार उघडून धरलं.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी काका नेहमीची यादी वाचत होते. सूप? रव्याची खीर? सफरचंद? काकू प्रत्येकाला मान हलवत होत्या. शेवटी काका रडवेल्या आवाजात म्हणाले, "मग काय हवंय तुला, रेनाटे?"

काकूंनी ओठ जुळवायला बराच वेळ घेतला. "क्वा..." मग पुन्हा, "क्वाप्पे."

आणि डावा हात वर उचलला. मला कळेना. काकांना कळलं. मासा केवढा ते दाखवायला दोन हात लागतात आणि काकूंकडे एकच होता. काका खुर्ची ओढून बसले, काकूंच्या तळव्यासमोर त्यांनी आपला तळवा धरला आणि हळूहळू मागे नेऊ लागले. काकूंची नजर त्या हातावर. हात अर्धा मीटर गेला, आणखी गेला, जवळजवळ पाऊण मीटर गेला, तेव्हा काकू म्हणाल्या, "बास."

"हात हलवू नकोस, रेनाटे," काका म्हणाले, आणि मला मराठीत, "दोरा आण, दोरा!" दोरा कुठला? मी ट्रॉलीवरची बँडेजची पट्टी दिली. त्यांनी ती दोन तळव्यांमध्ये ताणली, कापली, घडी करून खिशात ठेवली. घरी जाऊन त्यांनी जाळ्याच्या दांड्यावर टोकापासून बरोबर तेवढ्या अंतरावर लाल टेप चिकटवला.

"तोच मासा मागतेय ती," मला म्हणाले. "मी घालवलेला."

त्यांच्या डोक्यानं घेतलं की हा मासा आला तर काकू खातील, आणि एकदा खाल्लं की खात राहतील. डॉक्टरीणबाई असं म्हणाल्या नव्हत्या, कुणीच म्हणालं नव्हतं. मी एकदा सांगून पाहिलं. काका माझ्याकडे असे बघत राहिले की मी विषय बदलला. विकत मिळतोय का तेही त्यांनी पाहिलं. एका मासेवाल्यानं वीतभर लांबीचा, गोठवलेला क्वाप्पे दिला. तो शिजवून नेला तर काकूंनी एकदा बशीकडे आणि एकदा काकांकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

जर्मनीत कुणीही उठून गळ टाकू शकत नाही. परीक्षा द्यावी लागते. अडुसष्टाव्या वर्षी काका शनिवार-रविवार वर्गात बसले, शेजारी गळ्यात हेडफोन अडकवलेली पोरं. माशांची नावं, बंदीचे महिने, किमान लांबी, आणि पकडलेल्या माशाला यातना न देता कसं मारायचं. आधी डोक्यावर दांडक्याचा एक ठाम घाव, मग सुरी. उत्तरं सगळी बरोबर. परवाना दाखवायला माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा चेहरा मात्र उतरलेला होता.

"कागदावर मी पुष्कळ मासे मारले गं. हातानं एकही नाही."

"मग दुसऱ्या कुणाला न्या ना बरोबर."

"तूच चल. तू रत्नागिरीची. तुला काय मासे परके?"

"अहो काका, आमच्याकडे मासा आईच्या पिशवीतून येतो. तोही मेलेला!"

"तुला मारायला सांगत नाहीये. परवाना माझ्या नावावर आहे, मारायचं मीच. तू जाळं धर."

तर अशी मी जाळं धरायला लागले. डिसेंबरमध्ये आठवड्यातून दोनदा ऑफिस लवकर सोडून तासाभराचा प्रवास, मग कुरणातून चिखल तुडवत नदीवर. काठापासून प्रवाहात घुसलेला दगडी बांध असतो, त्याच्या टोकाशी काकूंची ठरलेली जागा. चारलाच अंधारायला लागायचं. काका सांगलीहून आणलेली माकडटोपी घालून त्यावर जर्मन टोपी ओढत. गळाला गांडूळ लावताना प्रत्येक गांडुळाला ते "सॉरी हं" म्हणत. मग काठीच्या टोकाला छोटी घंटा बांधून आम्ही वाट बघत बसायचो, डब्यातली गार पोळी खात. एकदा वामीसारखा ईल लागला, एकदा दोन बोटांएवढा क्वाप्पे, तो नियमाप्रमाणे सोडून दिला. बाकी काही नाही. परतीच्या वाटेवर काका कधी बोलत नसत. एकदाच म्हणाले, "आज तिचं वजन केलं. पलंगावर उचलून ठेवली तर माझ्याच्यानं उचलली गं. रेनाटे! माझ्याच्यानं!"

जानेवारीतला पहिला शनिवार. आभाळ इतकं खाली आलेलं की पलीकडचा काठ दिसेना. सकाळीच काकांचा फोन, झकास दिवस आहे. सव्वाचारला घंटा एकदा वाजली. मग गप्प. पुन्हा एकदा वाजली. काकांनी काठी उचलली. मासा झटके देत नव्हता. पाण्यात भिजलेली गोधडी ओढावी तसा नुसता जड येत होता. मधेच दगडांत शिरून बसला. काका काठी ताणून उभे, हलेनात. "ढिली सोडायची नाही," स्वतःशीच म्हणत होते, "ढिली सोडायची नाही." पाच मिनिटांनी तो निघाला.

मी जाळं पाण्यात बुडवलं. माझ्या कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात आधी ती एकुलती मिशी दिसली, मग डोकं. एवढं मोठं डोकं बघून माझेही पाय धावायला उठले, खोटं कशाला बोलू! पण काका ओरडले, "स्थिर! स्थिर!" मी डोळे मिटून दांडा धरून ठेवला. काकांनी त्याला माझ्या जाळ्यावर आणला आणि मी उचललं. दांडा वाकला. आम्ही दोघांनी मिळून तो बांधावर आणला. नुसत्या नजरेनं दांड्याशी ताडून पाहिला, तरी शेपटी लाल टेपच्या पुढे जात होती.

काका हसत होते, रडत होते. गळ जाळ्यातच सुटून पडला होता. मी म्हटलं, "मारा आता पटकन."

"जाळ्यात अडकवून नको," काका म्हणाले. "निदान मोकळं ठेवू त्याला." आणि त्यांनी तो विळखा घालणारा मासा जाळ्यातून काढला, दगडावर ओला टॉवेल पसरला होता त्यावर ठेवला, देव पाटावर ठेवावा तसा अलगद. दांडकं हातात घेतलं. गुडघ्यांवर बसले. दांडकं बाजूला ठेवलं. हात जोडले आणि डोळे मिटले.

हातांना तीस वर्षांची सवय. हात जोडायचे, माफी मागायची, डोळे उघडायचे, की मासा मेलेला असतो. त्या क्षणी ते विसरले होते की मागे काकू नाहीत.

आणि मी? मी समोर दिवा धरून उभी होते. मासा टॉवेलवरून सरकताना मला दिसत होता. आधी शेपूट, मग अर्धं अंग. पण माझ्यासमोर एक वडीलधारा माणूस हात जोडून, डोळे मिटून बसला होता, आणि कुणी असं बसलं असताना मधे बोलायचं नाही हे माझ्या अंगात लहानपणापासून भिनलेलं. मी थांबले. एक श्वास घ्यायला लागतो तेवढीच. मग "काका!" म्हणून ओरडले, तोवर तो दोन दगडांच्या फटीत शिरला होता. बुळुक् असा आवाज आला. काकांनी डोळे उघडले तर रिकामा टॉवेल.

ते पाण्यात शिरले. थेट, बुटांसकट, मांडीपर्यंत. दोन्ही हातांनी दगडांखाली चाचपडत राहिले. "अरे ये ना," म्हणत होते, "ये ना रे बाबा, एकदाच ये." मी त्यांच्या जाकिटाला धरून मागे ओढत होते आणि शिव्या देत होते, त्यांना, माशाला, स्वतःला. मला अजून ठरवता येत नाही की तो मासा त्यांनी घालवला की मी.

गाडीत हीटर पूर्ण लावला तरी त्यांचे दात वाजत होते. "घरी सोडते," मी म्हटलं. "नको. तिच्याकडे."

ओल्या विजारीनिशी ते काकूंच्या पलंगापाशी उभे राहिले आणि सगळं सांगितलं. एक शब्द लपवला नाही. हात जोडले तेही. काकू ऐकत होत्या. गोष्ट संपल्यावर त्यांनी डावा हात उचलला. काकांनी समोर तळवा धरला आणि मागे नेत गेले, टेपच्या खुणेपर्यंत आणि त्याच्याही पुढे चार बोटं. काकूंच्या तोंडाची डावी बाजू हलली. घशातून खरखर आवाज यायला लागला. मी नर्सला हाक मारणार होते, मग कळलं की त्या हसतायत. "एझेल," त्या म्हणाल्या. गाढवा. झटक्यानंतरचा त्यांचा तो तिसरा धड शब्द. काकांनी ट्रेमधला गार झालेला बटाट्याचा लगदा चमच्यानं पुढे केला आणि काकूंनी तोंड उघडलं. पाच चमचे खाल्ले. नर्स दारात उभी राहून बघत होती. मला तर तिथंच नाचावंसं वाटलं.

पुढचे दहा-बारा दिवस काकू खात होत्या ते त्या माशाच्या बातम्यांवर. काका नदीवरून यायचे, आज पाणी किती होतं, वारा कुठला, घंटा किती वेळा वाजली ते सांगायचे, आणि सांगता सांगता चमचा पुढे करायचे. मग पाऊस लागला, डोंगरातला बर्फ वितळला, एल्बला पूर आला. दगडी बांध पाण्याखाली गेले, मग कुरणंही. काका रस्त्यावरूनच पाणी बघून परतायचे. सांगायला काही उरलं नाही.

"खोटं सांगा ना, काका," मी विनवलं. "सांगा घंटा वाजली म्हणून."

"तिला नदी पाठ आहे गं. नुसत्या पावसाच्या आवाजावरून तिला कळतं, बांध बुडालाय."

काकूंनी पुन्हा तोंड मिटलं. काका दिवसातून तीनदा इंटरनेटवर पाण्याची पातळी बघायचे. एक सेंटिमीटर उतरली की मला ऑफिसात फोन. बांधाचं टोक वर दिसायच्या दोन दिवस आधी, दुपारी, रेनाटेकाकू गेल्या.

त्यानंतर काकांनी मंडळात येणं सोडलं. मी अधूनमधून जायचे. घरात सगळं जागच्या जागी, लाल मुठीचा तवा खिळ्यावर, पुसलेला. काका माझ्याशी नीट बोलायचे, चहा करायचे, पण बोलता बोलता मधेच थांबून दोन्ही तळव्यांकडे बघत राहायचे. पाणसळ खिडकीत पडलेली दिसायची. बुडबुडा एका कडेला.

पुढल्या हिवाळ्यात मला ड्रेस्डेनला नोकरी लागली. सामान बांधत होते तेव्हा काकांचा फोन आला. मी सवयीनं खिडकीबाहेर बघितलं. लख्ख ऊन. म्हटलं, निरोपाचा फोन असेल.

"मिळाला," काका म्हणाले.

मी गेले. स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर तो. काल संध्याकाळी, एकट्यानं.

"एकट्यानं जाळं कसं धरलं?"

"दगडाला टेकवून ठेवलं पाण्यात. स्थिर. काठी मी हलवली."

"आणि हात?"

"जोडले ना." काका टेबलाकडे बघत होते. "आधी मारला. मग जोडले."

त्यांनी जाळं आणून दांडा माशाशेजारी धरला. तोंड एका टोकाशी ठेवलं, शेपूट सरळ केली, पुन्हा सरळ केली, ओढून पाहिली. लाल टेपला दोन बोटं कमी. "दोन बोटं," ते म्हणाले, आणि खाली बसले. मला वाटलं, एवढ्यावरून हा माणूस आता मोडणार. मी माझं काम सुरू केलं. मासा साफ करणं मला येतं, ते एक तरी येतं. कलेजी निघाली, मऊ, पिवळसर, माझ्या तळहाताहून मोठी. मी ती धुऊन बशीत ठेवली. काकांनी उठून खिळ्यावरचा लाल मुठीचा तवा काढला. शेगडीवर ठेवला. मग लोणी टाकलं.

"मीठ किती घालायचं गं? मी कधी चाखलेलं नाही."

मी चिमटीनं दाखवलं. टेबलावर काकूंची जागा होती तिथं त्यांनी बशी मांडली, काटा ठेवला, नॅपकिनची घडी ठेवली. ते मलाच वाढतायत असं समजून मी खुर्ची ओढायला गेले. काका म्हणाले, "नको. मासा तू घरी ने. कलेजी इथं राहू दे." मग माझ्या डोक्यावर हात ठेवला, ड्रेस्डेनला पोचलीस की कळव म्हणाले, आणि दार लावून घेतलं.

त्यांचं घर तळमजल्यावर. माझी गाडी समोरच उभी होती. आत बसून किल्ली लावताना सहज वर पाहिलं. पडदा सरकवलेला होता. काका काकूंच्या खुर्चीत बसले होते, काकूंच्या बशीसमोर. त्यांनी हात जोडले. मग काटा उचलला, तोंडाशी नेला, आणि त्यांचं सगळं अंग शहारलं. तोंडावर हात दाबून, डोळे घट्ट मिटून त्यांनी तो घास खाली ढकलला. डोळे वाहत होते. ते पुसले नाहीत. पुन्हा काटा उचलला.

इंजिन सुरू केलं असतं तर आवाजानं त्यांनी वर पाहिलं असतं. मी किल्ली तशीच सोडली आणि त्यांचं होईपर्यंत थंडीत बसून राहिले.